कोंबड्यांना कळू नये म्हणून

कंपाउंडरला एका जागी बसलेलं त्याच्या बायकोनं शेवटचं कधी पाहिलं, हे तिलाही सांगता यायचं नाही. दवाखाना बंद झाल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. सकाळी उठला की आधी परसात, तिथून ओट्यावर, तिथून रस्त्यावर, रस्त्यावरून परत स्वयंपाकघरात. तिथे येऊन मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट करायचं, जे आधीच घट्ट असे. बायको म्हणायची, "अहो, तुम्ही बसलात तर घर पडणार नाही." मग तो बसायचा आणि त्याचा गुडघा हलायला लागायचा. गुडघा थांबवला की बोटं. बोटं थांबवली की पुन्हा तो उठायचा.

त्या बोटांनी एकेचाळीस वर्षं काम केलं होतं. पावडरी खलायच्या, कागदाच्या चौकोनी पुड्या बांधायच्या, लाल औषध बाटलीत भरून बाटलीला कातरीनं खुणा पाडलेली डोसाची पट्टी चिकटवायची. आणि इंजेक्शन. गावात डॉक्टर एकच होते, शिकलेले, उंचेपुरे, कमी बोलणारे, पण सुई टोचून घ्यायची तर लोक हळूच म्हणत, "कंपाउंडरला द्यायला सांगा." डॉक्टरांचा हात जड होता. कंपाउंडरचा इतका हलका, की माणूस कमरेवर हात ठेवून ताटकळत उभा राही आणि विचारी, "कधी देताय?" कंपाउंडर तोवर सुई धुवायला गेलेला असे. त्याची सगळी मिजास एवढ्या एका गोष्टीत होती. बाकी आयुष्यात त्यानं काही ठरवलं नव्हतं. औषध डॉक्टर ठरवत, घर बायको ठरवी, मुलाचं लग्न मुलानं ठरवलं. कंपाउंडर दिलेल्या चिठ्ठीप्रमाणे भरून देत असे.

मग डॉक्टर गेले. दवाखान्याला कुलूप लागलं. डॉक्टरांच्या बायकोनं कंपाउंडरला बोलावून औषधांचं मोठं कपाट दिलं, आणि जाता जाता डॉक्टरांचा पांढरा कोटही दिला. कपाट परसात आलं. कोट खुंटीवर गेला. तो कोट कंपाउंडरनं एकेचाळीस वर्षं तिरक्या डोळ्यांनी पाहिला होता. त्याच्या स्वतःच्या वाट्याला खाकी रंगाचा अर्धा एप्रन आलेला, ज्यावर टिंक्चरचे डाग असे बसले होते की जणू कापडाची नक्षीच. कोट मिळाला त्या दिवशी घरात कुणी नाही असं बघून त्यानं तो अंगात घातला आणि आरशासमोर उभा राहिला. डॉक्टर सहा फुटांचे होते. कंपाउंडर पाच फूट आणि वर थोडी इच्छा. कोट पोटऱ्यांपर्यंत आला, बाह्या बोटांच्या पुढे लोंबू लागल्या. सुनेनं खिडकीतून हे पाहिलं, सासूला सांगितलं, आणि सासूच्या तोंडात तीळ भिजत नसल्यामुळे दुपारपर्यंत गल्लीत सगळ्यांना माहीत झालं. कंपाउंडरला मात्र वाटत राहिलं की ही आपली खाजगी गोष्ट आहे.

कोंबड्यांचं खूळ डोक्यात शिरलं ते त्यानंतर. एका रविवारी तो कोंबडी आणायला बाजारातल्या दुकानात गेला. आजवर ते काम मुलगा करी. दुकानदारानं पिंजऱ्यात हात घातला, हाताला लागेल तो पाय ओढला, कोंबडी उलटी लटकवली आणि गिऱ्हाइकाशी क्रिकेटवर बोलत बोलत बोथट सुरीनं तीन वेळा कापलं. तीन वेळा. कंपाउंडर तिथून रिकाम्या पिशवीनं परत आला. घरी मसाला वाटून तयार. त्या दिवशी सगळ्यांनी वांग्याबरोबर जेवण उरकलं.

"बोथट सुईनं मी कधी कुणाला टोचलं नाही," तो बायकोला म्हणाला. "आपण खायचं तर आपणच वाढवायचं. आणि असं करायचं की त्याला कळता कामा नये."

"कुणाला?"

"कोंबडीला."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. निवृत्त माणसाला काहीतरी उद्योग हवाच, नाहीतर तो मिठाच्या बरण्या घट्ट करत बसतो, असा तिनं विचार केला आणि हो म्हणाली. पुढे कित्येक महिने ती हा होकार स्वतःच्या नावावर घ्यायला तयार नव्हती.

औषधांच्या कपाटाच्या काचा काढून जाळी बसवली, फळ्यांच्या जागी बसायला दांडे आले, आणि खुराडं तयार झालं. वरच्या कप्प्यावर डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी तशीच राहिली, 'फक्त बाहेरून लावण्यासाठी.' त्या चिठ्ठीखाली वीस पिल्लं मोठी झाली. कंपाउंडरनं त्यांना दाणा मोजून घातला, पाणी उकळून गार करून दिलं, एकाला सर्दी झाली तर सगळ्यांना हळद दिली. सकाळ-संध्याकाळ तो जुना चौकड्यांचा शर्ट आणि विटका पायजमा घालून परसात गेला की पिल्लं त्याच्या पायांत येत. त्यातल्या बारा कोंबड्या निघाल्या, आठ कोंबडे. कोंबड्या अंड्यांसाठी ठेवायच्या, कोंबडे ताटासाठी, हे आधीच ठरलं होतं. कुणालाही नाव ठेवायचं नाही हेही ठरलं होतं. नावं ठेवली ती फक्त बायकोनं, आणि तीही नवऱ्याला.

काम कसं करायचं हे तो निवृत्त झालेल्या जनावरांच्या डॉक्टरांकडून नीट शिकून आला. आदल्या संध्याकाळपासून दाणा बंद, पाणी चालू, म्हणजे पोट रिकामं राहतं आणि मांस खराब होत नाही. पहाटे, पाखरू दांड्यावर पेंगत असतानाच उचलायचं, दोन्ही पंख अंगाला धरून, छातीशी. पत्र्याच्या नरसाळ्यात डोकं खाली करून सोडायचं, म्हणजे ते फडफडत नाही, शांत होतं. मग जबड्याच्या खाली, दोन्ही बाजूंना, धारदार पात्यानं एकेक घाव. बाकीच्यांना दिसू नये म्हणून मध्ये गोणपाटाचा पडदा. टिनवाल्यानं नरसाळं करून दिलं. पातं कंपाउंडरनं स्वतः दगडावर लावलं, जसं तो काचेच्या सिरिंजच्या काळात सुया लावत असे. शनिवारी पहाटे काम, दिवसभर मांस फ्रीजमध्ये, रविवारी दुपारी जेवण.

आणि या कामासाठी, अर्थातच, त्यानं कोट घातला.

पहिला कोंबडा पार पडला. पण तो उचलतानाच बिथरला, ओरडला, आणि कंपाउंडरच्या छातीशी त्याचं काळीज असं धडधडत होतं की माणसालाच घाम फुटावा. दोन्ही घाव पहिल्याच फटक्यात, स्वच्छ बसले. तरी कंपाउंडरचं समाधान झालं नाही. "त्याला कळलं होतं," तो दिवसभर म्हणत राहिला. रविवारी सगळे चवीनं जेवले, तो ताटात बोटं फिरवत बसला.

त्यानं एक नियम केला. उचललेलं पाखरू बिथरलं, त्याचं काळीज धावत सुटलं, तर ते सोडून द्यायचं. त्या दिवशी काम नाही.

नियम चांगला होता. पण पुढच्या तीन शनिवारी पहाटे कंपाउंडर परसात गेला आणि तीनही वेळा रिकाम्या हातांनी परत आला. तो खुराड्याचं दार उघडायचा अवकाश, आतली सगळी पाखरं मागच्या फळीला चिकटत. एरवी हीच पाखरं त्याच्या चपलेवर उभी राहायची. काहीतरी होतं ज्यावरून त्यांना कळत होतं. काय, हे शोधण्याच्या नादात कंपाउंडरनं घरातल्या माणसांच्या नाकी नऊ आणले.

आधी संशय उपासावर गेला. शुक्रवारी संध्याकाळी दाणा बंद झाला की ती ओळखत असतील. म्हणून त्यानं अधूनमधून खोटे उपास सुरू केले, कधी सोमवारी, कधी बुधवारी, म्हणजे त्यांना अंदाज येऊ नये. कोंबड्यांना अंदाज आला नाही. त्यांनी नुसती अंडी कमी केली. मग संशय लसणावर गेला. शुक्रवारी दुपारी बायको ओट्यावर बसून गड्डे सोलते, परसात वास जातो, त्यांना कळतं.

"कोंबडीला लसूण कळतो?" बायको म्हणाली.

"वास नसेल, तुझी बसण्याची पद्धत असेल. तू शुक्रवारी जरा जास्त खुशीत सोलतेस."

मग रोज लसूण सोलला जाऊ लागला, खुशीत आणि नाखुशीत. डाळीत लसूण, भाजीत लसूण, मुलगा ऑफिसात तोंडावर रुमाल धरून बसू लागला. शेवटी कंपाउंडर या निष्कर्षाला आला की घरातल्या माणसांचे चेहरेच फितूर आहेत. तेव्हापासून कोणत्या शनिवारी काम आहे हे तो कुणालाच सांगेना. कोंबड्यांना कळू नये म्हणून बायकोलाही कळू द्यायचं नाही, असा कारभार सुरू झाला. मुलानं एकदा साधं विचारलं, "बाबा, या रविवारी आहे का काही?" तर कंपाउंडरनं ओठांवर बोट ठेवून परसाकडे मान वळवली. मुलगा त्या दिवशी बाहेर जेवून आला.

सात कोंबडे वयात आले. ते एकमेकांच्या तुऱ्यांना चोची मारू लागले, कोंबड्यांच्या पाठीवरची पिसं उपटू लागले, पहाटे साडेतीनपासून आरवू लागले. शेजारची मास्तरीण कुंपणावरून म्हणाली, "तुमचे कोंबडे निवृत्तिवेतन घेणार वाटतं." कंपाउंडर हसला नाही. रात्री कूस बदलत तो मनात यादी करायचा: उपास, लसूण, पातं घासल्याचा आवाज, नरसाळ्याची चमक, कुंपणावर बसून सगळं बघणारा कावळा. कावळ्यावर तर त्याचा फारच संशय होता.

आणि अशात बायकोच्या भावाचा निरोप आला. येत्या रविवारी मी, ही आणि आमची दोन्ही मुलं जेवायला येतो. भावोजींच्या घरच्या कोंबड्यांची फार कीर्ती ऐकतोय, एकदा चव तरी बघू.

निरोप वाचून बायकोनं चष्मा काढला. ती चष्मा काढून बोलली की घरात कुणी मध्ये बोलत नसे.

"हे बघा. तुम्ही गेले दोन महिने कोंबड्यांचे लाड केलेत, मी काही बोलले नाही. पण माझा भाऊ सहा वर्षांनी येतोय. रविवारी त्याच्या ताटात घरची कोंबडी पडली तर ठीक. नाहीतर मी दुकानातून आणणार, आणि सोमवारी ते कपाट भंगारवाल्याला देऊन तिथे वांगी लावणार."

"दुकानातून?"

"दुकानातून. तीन घावांची."

कंपाउंडर परसात गेला, परत आला, पुन्हा गेला. ही सोमवारची गोष्ट. शनिवारपर्यंत चार दिवस होते, आणि त्या चार दिवसांत तो एवढा चालला की चपलेचा अंगठा तुटला. वांगी लावली जातील याचं त्याला तितकं वाटत नव्हतं. पण कपाट गेलं की या हातांना उरलं काय? मिठाची बरणी. पुन्हा कधी कुणी म्हणणार नव्हतं की कंपाउंडरला करू द्या. आणि घाईघाईनं, घाबरलेलं पाखरू दाबून धरून काम उरकलं, तर मग तो दुकानदार काय वाईट होता?

शुक्रवारी सकाळी तो इस्त्रीवाल्याकडे गेला. इस्त्रीवाल्याचं दुकान म्हणजे नाक्यावरचं एक टेबल आणि वर पत्रा. पण गावातली कुठलीही बातमी त्या टेबलावरून सपाट होऊनच पुढे जात असे. कुणाच्या चादरी वाढल्या, म्हणजे पाहुणे आले. कुणाच्या शर्टांची कॉलर अचानक कडक करून मागितली, म्हणजे मुलगी बघायला निघाले. कंपाउंडरनं पिशवीतून कोट काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि टेबलावर ठेवला.

"संध्याकाळपर्यंत दे."

इस्त्रीवाल्यानं कोट उलगडला, एक बाही सरळ केली आणि म्हणाला, "म्हणजे उद्या बेत दिसतोय, कंपाउंडरसाहेब."

कंपाउंडरनं पुन्हा इकडेतिकडे पाहिलं. "कसला बेत?"

"कोंबड्याचा."

"तुला कुणी सांगितलं? हिनं?"

"वहिनींना तरी कुठे माहीत असतं? त्याच उलट इथे येऊन मला विचारतात, 'आला का रे कोट?' म्हणजे त्यांना मसाल्याची तयारी करता येते." इस्त्रीवाल्यानं इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून बघितला. "मास्तरीणबाईंनाही मीच सांगतो. त्या शनिवारी पहाटे खिडकी लावून घेतात. तुम्ही कोट फक्त त्या कामाला घालता हे गल्लीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे."

इस्त्रीवाला बाहीवरून इस्त्री फिरवत राहिला. त्याला बोलायला समोरच्या माणसाचा हुंकार लागत नसे.

"मी लहान होतो तेव्हा आई मला दवाखान्यात आणायची. बाकावर मी मस्त खेळत असायचो. आतून तो कोट हलला ना, की माझं भोकाड सुरू. सुई तुम्ही द्यायचात हो, ती कधी दुखली नाही. पण रडायचो मी कोटाला." त्यानं कोट पालथा केला. "कॉलर कडक करू का?"

कंपाउंडरनं कोट त्याच्या हाताखालून ओढून घेतला, अर्धी इस्त्री झालेला, आणि चालू लागला.

घरी आल्यावर त्यानं जे केलं ते सुनेनं स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहिलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. भर दुपारी त्यानं कोट घातला, ओंजळभर दाणे घेतले आणि परसात गेला. दाणे दिसत असूनही पाखरं ओरडत पळाली, एक तर कुंपणावर चढून बसलं. तो आत आला. कोट काढला, चौकड्यांचा शर्ट चढवला, आणि या खेपेला हातात उघडं पातं घेऊन गेला. सगळी कळपानं धावत आली. एका कोंबड्यानं मान वाकडी करून त्या चकचकीत पात्याकडे पाहिलं आणि त्यावर चोच मारली. टक्क. मग दुसऱ्यानं मारली. कंपाउंडरनं घाईनं पातं वर उचलून धरलं, त्यांची चोच कापली जाईल म्हणून.

उपासाचा दोष नव्हता, लसणाचा नव्हता, कावळ्याचा तर मुळीच नव्हता.

आता तुम्हाला वाटेल की प्रश्न सुटला. बायकोलाही तसंच वाटलं. संध्याकाळी तिनं त्याला चहा दिला आणि म्हणाली, "मग काय, उद्या शर्टावर जा. सुटला ना गुंता?"

"शर्टावर नाही जाता यायचं."

"का? रक्ताचा डाग पडेल म्हणून? मी गार पाण्यात भिजवीन."

"डागाचं नाही गं." तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "तो कोट घातला ना, की मला वाटतं हे डॉक्टरांनी लिहून दिलंय. मी नुसतं देतोय."

बायको बशी हातात धरून थांबली.

"आणि शर्टावर?"

"शर्टावर मी दाणे टाकतो त्यांना."

एरवी या बाईकडे प्रत्येक वाक्याला उत्तर तयार असे. या वेळी तिनं आधी चहा संपवला, बशी पालथी घातली. मग म्हणाली, "दुकानातून आणते मी. भावाला काय, त्याला चव सुद्धा कळायची नाही. त्याचं लक्ष नेहमी किती वाढलंय याच्याकडे असतं."

ही पळवाट होती, आणि ती बायकोनं स्वतः उघडून दिली होती. कंपाउंडर त्या वाटेनं जायचा मोह होऊन अंगणात फेऱ्या मारत राहिला. घाबरायचं कुणी? पाखरानं, की त्यानं? कोट घातला तर ते घाबरतं. नाही घातला तर तो. दुकानातून आणलं तर दोघांनीही घाबरायचं कारण नाही. तिथे कुठल्या तरी तिसऱ्या पाखराच्या मानेवर तीन घाव, आणि ते त्यानं बघायचंही नाही. औषधाच्या बाटलीवर जशी पट्टी लावतात तशी त्यानं त्या रात्रीपुरती स्वतःच्या मनावर लावून पाहिली, पण एकेक खूण उतरण्याऐवजी चढतच गेली.

संध्याकाळचा दाणा त्यानं टाकला नाही. पाणी भरून ठेवलं. त्यावरून बायकोनं काय ते ओळखलं.

शनिवारी उजाडता उजाडता तो उठला. शर्टाची बटणं लावताना खालवर झाली, पुन्हा लावली. पाणी चुलीवर ठेवलं, त्यात थर्मामीटर सोडला, पिसं सुटण्यापुरतंच गरम हवं, उकळता कामा नये. नरसाळं खिळ्याला अडकवलं, पडदा ओढला, पातं अंगठ्याच्या नखावर लावून पाहिलं. मग खुराड्याचं दार उघडलं.

आत कुणी हललं नाही. दांड्यावर ओळीनं गोळे बसलेले. एकानं डोळा उघडून त्याला पाहिलं आणि पुन्हा मिटला. त्यानं कडेचा मोठा, तांबूस कोंबडा दोन्ही हातांनी उचलला आणि छातीशी धरला. कोंबड्यानं घशातल्या घशात काहीतरी पुटपुटलं, जसं माणूस झोपेत पांघरूण ओढताना करतो, आणि त्याच्या कोपरात डोकं खुपसलं. काळीज चाललं होतं, पण धावत नव्हतं. धावत होतं ते कंपाउंडरचं.

तो पडद्यापाशी उभा राहिला. किती वेळ, ते त्यालाही सांगता आलं नसतं. एकेचाळीस वर्षांत दर सुईच्या आधी त्यानं मनात म्हटलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय. या वेळी त्यानं डोक्यात शोधलं, कुणी काही सांगितलेलं सापडलं नाही. सापडलं ते एवढंच, की हा मला खायचाय. माझ्या घरात, माझ्या माणसांना. मी ठरवलंय.

त्यानं पाखरू नरसाळ्यात सोडलं. ते शांत लोंबकळलं. डाव्या हातानं डोकं धरलं, अंगठ्यानं जबड्याखालची पिसं बाजूला केली. एक घाव, दुसऱ्या बाजूला एक. बस्स. त्यानं डोकं सोडलं नाही. ते पूर्ण थांबेपर्यंत हातात धरून ठेवलं, मिनिट, दीड मिनिट. मग दुसरा कोंबडा. तोही तसाच आला, पेंगत, विश्वासानं.

बायको ओट्यावर आली तेव्हा तो पाट मांडून पिसं काढत होता. कातडी कुठे फाटली नव्हती. त्यानं पोट उघडलं, पित्ताची पिशवी न फोडता काढली, काळीज आणि दाणे दळणारी पेटी वेगळी ठेवली, सगळं गार पाण्यात सोडलं. पोट रिकामं, स्वच्छ. हात सराईत चालले होते. पण तो तिच्याकडे बघत नव्हता.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"बिथरले?"

"नाही."

ती घंगाळ पुढे सरकवून त्याच्यासमोर बसली आणि उरलेली बारीक पिसं चिमटीनं काढू लागली. या कामाला तिनं आजवर हात लावला नव्हता.

रविवारी भाऊ आला, त्याची बायको, दोन मुलं. रस्सा असा झाला होता की भावानं तिसऱ्यांदा वाटी पुढे केली. "भावोजी, खरं सांगा, यात टॉनिक घालता का? कंपाउंडरच्या घरची कोंबडी म्हणजे खोकलाही जायचा."

"दिवसातून तीनदा, जेवणानंतर," मुलगा म्हणाला, आणि सगळे हसले. कंपाउंडरही हसला. तो जेवलाही. नीट, ताट स्वच्छ करून, हाडं चोखून जेवला, कारण या खेपेला ताटात काही टाकणं त्याला शोभलं नसतं. भाऊ निघताना बहिणीला हळूच म्हणाला, "ताई, भावोजी अजून बसत नाहीत का गं एका जागी? जेवताना तीनदा उठले." बहीण म्हणाली, "वाढायला उठले असतील." भाऊ म्हणाला, "परसात जाऊन?"

सोमवारी भंगारवाला आला नाही. वांगीही लागली नाहीत. सकाळी कंपाउंडर दाणे घेऊन परसात गेला. बायको दारात उभी राहून बघत होती. शर्ट तोच होता, बाहीवर धुऊनही राहिलेला एक फिकट तपकिरी ठिपका होता. दार उघडल्याबरोबर सगळी पाखरं बाहेर उसळली आणि सरळ त्याच्या पायांवर आली. पाचही कोंबडे. एक त्याच्या चपलेवर चढला आणि ठिपक्याच्या दिशेनं मान उंच करून उभा राहिला.

दाणे मुठीतच राहिले. बायकोनं पाहिलं, त्याचा गुडघा हलत नव्हता, बोटंही नाहीत. तो उभाच्या उभा होता. आणि हे तिला त्याच्या येरझाऱ्यांपेक्षा जास्त लागलं.

"टाका की," ती म्हणाली.

"काही म्हणजे काही कळलं नाही यांना," तो म्हणाला. "बघ ना. परवा दोघं कमी झालेत, आणि ही माझ्याच अंगावर येतायत."

"तुम्हाला तेच हवं होतं ना?"

"हो." त्यानं मूठ उघडली. दाणे पडले, पाखरांची डोकी खाली गेली. "पण मग कुणाला तरी कळायला पाहिजे. एकट्या मलाच कळून उपयोग नाही. खाणाऱ्यांना कळायला पाहिजे."

"म्हणजे?"

त्यानं या वेळी आवाज खाली आणला नाही, परसाकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं नाही. पाचही कोंबड्यांच्या समोर, शेजारच्या मास्तरणीलाही ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "पुढचा शनिवार. सकाळी सहा. मुलाला सांग, सुनेला सांग. मी करीन, पण उचलून आणायला कुणीतरी बरोबर पाहिजे. तू येशील?"

बायकोनं पदराला हात पुसले. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

"सहाला दूधवाला येतो," ती म्हणाली.

एक कोंबडा कंपाउंडरच्या चपलेवरून उतरून तिच्या पायांशी गेला, तिथे काही पडलंय का ते बघायला. ती मागे सरली नाही. वाकली, त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो दोन्ही पंखांवरून नीट धरता येतो का ते पाहिलं.

"साडेसहा करा," ती म्हणाली.